पाणंद, ओढा, पाझर तलाव : फुलपाखरं आणि चतुरांच्या मोजणीच्या नोंदी

२६ मे, रविवार. वाट आखणी

जागा करवीर तालुक्यात, कोल्हापूर शहराच्या दक्षिणेला. वाट एकूण १ किमी. पाच टप्पे केले, पण सारख्या लांबीचे नाहीत; जागेचा स्वभाव बदलतो तिथे टप्पा तोडला. टप्पा १ पाणंद (२६० मी.), टप्पा २ उसाचा बांध (१८० मी.), टप्पा ३ ओढा (२१० मी.), टप्पा ४ पाझर तलावाची कड (१९० मी.), टप्पा ५ माळ (१६० मी.). सरसकट २०० मीटरचे तुकडे पाडले असते तर अर्धी पाणंद आणि अर्धा बांध एकाच आकड्यात गेला असता. पुढे आकडा पडला की तो कुंपण तोडल्यामुळे पडला की बांधावर फवारल्यामुळे, हे कळायला मार्ग उरत नाही.

खुणा: आधी कापडाच्या पट्ट्या बांधल्या होत्या. त्या शेळ्या खातात, उरलेल्या येणारे-जाणारे सोडून नेतात. आता दगडांवर आणि कुंपणाच्या खांबांवर पांढऱ्या ऑइल पेंटचे तळहाताएवढे ठिपके. ठिपका छातीच्या उंचीवर द्यायचा. मे महिन्यात सगळं उघडं असतं म्हणून गुडघ्याएवढ्या उंचीवर दिलेली खूण ऑगस्टमध्ये गवतात गडप होते. मोबाईलच्या जीपीएसवर भिस्त नको. झाडाखाली तो पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवतो आणि आपली मोजणीची पट्टीच मुळी पाच मीटर रुंद आहे.

सामान: जाड पुठ्ठ्याची वही, शिसपेन्सिल (पेन पावसात फुटतं), दोन मीटरपर्यंत जवळचं दिसेल अशी ८ पटीची दुर्बीण, सावलीत टांगायचा थर्मामीटर, पांढरा प्लास्टिकचा ट्रे, चहाची मोठी गाळणी, होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्या, काडेपेट्या, गमबूट, काठी. जाळी नाही. फुलपाखरं पकडायची नाहीत, फोटोवरून जी ओळखता येतील तेवढीच ओळखायची. काही जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत आहेत आणि हातातलं फुलपाखरू त्यातलं आहे की नाही हे पकडल्यावर कळून उपयोग नसतो.

२ जून, संध्याकाळ

वळवाचा दुसरा चांगला पाऊस. अंधार पडता पडता हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून बांधावरच्या कडुनिंबावर आणि बाभळीवर. पाला खाणं आणि मिलन दोन्ही झाडावरच, आणि उजाडायच्या आत परत मातीत. उसाच्या मुळ्या खाणारी अळी याच भुंगेऱ्यांची पुढची पिढी. त्यामुळे या दिवसांत शेतकरी फांद्या हलवून भुंगेरे गोळा करतात, रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकतात, प्रकाश सापळे लावतात.

आपल्या मोजणीत हुमणी येत नाही, सापळा येतो. तो रात्रभर जळत ठेवला तर पतंग, पाणभुंगेरे, इतर निरुपद्रवी किडे ढिगानं मरतात. हुमणीचा जोर मात्र अंधारानंतरच्या पहिल्या दोनेक तासांचा. साडेनऊला दिवा बंद करायची विनंती दोन शेतांत केली, एका ठिकाणी ती मान्य झाली. दोन्ही शेतांची नावं टप्पा २ च्या पानावर लिहिली आहेत. पुढे पतंगांचा फरक दिसला तर तो या कारणानं असू शकतो.

ओढ्याकाठी काजवे. लुकलुक मोजून संख्या निघत नाही, एकच काजवा दहा वेळा चमकतो. म्हणून फक्त पहिला दिसल्याची वेळ आणि जागा लिहायची. विजेरीला लाल जिलेटीन कागद दुहेरी गुंडाळायचा. पांढऱ्या उजेडात नर-मादीचे इशारे बिघडतात, आणि अशा रात्री नुसतं "काजवे कमी" लिहिणं म्हणजे स्वतःच्या विजेरीची नोंद करणं. काजव्याची अळी गोगलगायींवर जगते, तिला ओला पालापाचोळा लागतो. ओढ्याच्या डाव्या काठाचा पाला उन्हाळ्यात पेटवला होता, उजवीकडचा तसाच आहे. काजवे उजवीकडे.

१६ जून. मोजणीचे नियम

पद्धत अर्नेस्ट पोलार्ड यांची, १९७७ मध्ये इंग्लंडमध्ये मांडलेली: ठरलेल्या वाटेनं एका चालीत चालायचं, दोन्ही बाजूंना अडीच मीटर आणि समोर पाच मीटर एवढ्या चौकटीत दिसेल ते लिहायचं, मागं वळून पाहायचं नाही. तिथं किमान तापमानाची अट आहे, ती इथं बिनकामाची. आपल्याकडे अडचण थंडीची नसून पाऊस, वारा आणि ढगाची. म्हणून आपली अट अशी: पाऊस थांबून अर्धा तास झालेला, झाडांच्या फांद्या जोरात हलत नाहीत, आणि वाटेवर निम्मा वेळ तरी सावली पडण्याइतकं ऊन. वेळ १० ते १२. पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा, पण ९ च्या आत नाही आणि ३ नंतर नाही. १ किमीला ४५ मिनिटं. अवघड जातीचा फोटो घ्यायला थांबलं की घड्याळ थांबवायचं, त्या वेळात शेजारी आलेलं दुसरं फुलपाखरू धरायचं नाही.

फुलपाखरं जाताना, चतुर आणि टाचण्या (चतुरांचे सडपातळ भाऊबंद) येताना, आणि त्याही फक्त टप्पा ३ व ४ वर. दोन्ही एकदम मोजायचा प्रयत्न पहिल्या चाचणी फेरीत फसला. फुलपाखरासाठी नजर झुडपावर लागते, टाचणीसाठी पाण्यालगतच्या काडीवर. एक पाहताना दुसरं हटकून सुटतं.

चतुरांसाठी नुसता आकडा न लिहिता पुढे अक्षर:
उ : नुसता उडणारा किंवा बसलेला
ज : जोडी
अं : अंडी घालताना
को : कोवळा, म्हणजे नुकताच बाहेर आलेला. पंख सेलोफेनसारखे चमकतात, उडणं लडखडतं
का : कात, म्हणजे चतुर बाहेर पडल्यावर मागे राहिलेली अळीची रिकामी कातडी

याचं कारण एकच. पाण्यावर दिसतात ते बहुतेक नर, ते जागा धरून फिरत असतात. मादी अंडी घालायच्या वेळेपुरती येते. कोवळे चतुर पाण्यापासून लांब जाऊन माळावर, उसात पक्व होतात. तलावावर तीस नर आहेत म्हणून तलावात चतुर जन्मतात असं होत नाही. ते कुठूनही आलेले असू शकतात. "को" किंवा "का" असेल तरच ती जात इथली.

२३ जून. फसवणारी रूपं

पहिल्या दोन फेऱ्यांच्या फोटोंवरून चुका काढल्या. पुढच्या मोजणाऱ्यांनी आधी हे वाचावं.

प्लेन टायगर (बिबळ्या कडवा) आणि डॅनैड एगफ्लायची मादी: दोन्ही तांबूस, टोकाला काळं-पांढरं. मागचा पंख बघायचा. प्लेन टायगरला मधल्या भागात तीन काळे ठिपके, नराला गंधाचा एक जास्तीचा. एगफ्लायच्या मादीला वरच्या कडेला एकच. अंतरावरून नाहीच दिसलं तर "टायगर/एगफ्लाय" लिहायचं, अंदाज करायचा नाही. एगफ्लायची अळी घोळ खाते, टायगरची रुई. बांधावर दोन्ही वनस्पती आहेत, त्यामुळे जागेवरूनही ठरत नाही.

कॉमन मॉर्मनची मादी तीन रूपांत. एक नरासारखं, एक कॉमन रोझसारखं, एक क्रिमसन रोझसारखं. अंग बघायचं: रोझचं अंग लालभडक, मॉर्मनचं काळं. पंखांच्या रंगावर जाणारा शंभर टक्के फसतो. इथे ईश्वरीचा वेल (रोझची खाद्य वनस्पती) फक्त पाणंदीच्या एका कोपऱ्यात आहे. टप्पा ४ वर "कॉमन रोझ" आलं असेल तर फोटो पुन्हा उघडून अंग तपासा.

ग्रास यलो मंडळी: उडताना जात ओळखता येत नाही. "ग्रास यलो, जात ठरली नाही" हा रकाना कायमचा ठेवला आहे. त्यात भर पडली तर लाज वाटायचं कारण नाही.

हळदीकुंकू हे फुलपाखराचं (कॉमन जेझेबेल) आणि लाल-पिवळ्या फुलांच्या एका झुडपाचंही नाव. वहीत झुडूप लिहायचं असेल तर "हळदीकुंकू (झाड)" लिहा. मागच्या आठवड्यात झाडावरची नोंद फुलपाखराच्या रकान्यात गेली. खुद्द जेझेबेलची अळी बांडगुळावर वाढते. पाणंदीतल्या आंब्यावरचं बांडगूळ तोडायची मालकाची इच्छा आहे आणि आंब्याच्या दृष्टीनं ती रास्त आहे. तोडलं तर तारीख लिहायची.

७ जुलै

चार दिवस संततधार. एकही फेरी नाही.

वहीत "०" आणि "—" यांत गल्लत होते आहे. "०" म्हणजे अटींत बसणारी फेरी झाली आणि काही दिसलं नाही. "—" म्हणजे फेरीच झाली नाही. मागच्या दोन आठवड्यांत तीन ठिकाणी "—" च्या जागी "०" लिहिलेलं सापडलं. सरासरी काढताना ते तीन शून्य पावसाळ्याचे आकडे निम्म्यावर आणतील. दुरुस्त केलं, मूळ आकडा खोडून न टाकता शेजारी लिहिलं.

पावसात फुलपाखरं पानाखाली लटकून बसतात. मेलेली नसतात, मोजता येत नाहीत एवढंच. या दिवसांत उडणाऱ्यांपेक्षा अंडी-अळ्या शोधणं फायद्याचं, त्याला ऊन लागत नाही. पुढच्या आठवड्यापासून खाद्य वनस्पतींची तपासणी सुरू.

२४ जुलै

पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीच्या वर. ओढ्याला फुगवटा, टप्पा ३ पाण्याखाली. नियम: नदी इशारा पातळीच्या खाली येऊन ओढ्याचा काठ उघडा पडेपर्यंत टप्पा ३ आणि ४ बंद, "—" लिहायचं. ओसरल्यावर काठाच्या झाडांवर गाळाची रेघ राहते, तिची उंची टेपनं मोजून ठेवायची. या रेघेखालच्या काती, कोष आणि अंडी वाहून गेलेली धरायची.

९ ऑगस्ट, शुक्रवार. रुई

टप्पा १ आणि २ मिळून रुईची २५ झाडं क्रमांक घालून घेतली. तपासणी: प्रत्येक झाडाची वरची दहा पानं, खालची बाजू. पान देठाशी धरून अलगद तिरपं करायचं, तोडायचं नाही. रुईचा चीक डोळ्यात गेला तर नुसती आग होत नाही, इजा होते. हात पुसून मगच दुर्बिणीला किंवा डोळ्याला लावायचे. झाडांची तपासणी चष्मा किंवा गॉगल घालूनच.

प्लेन टायगर एका जागी एकच अंडं घालतो. फिकट, उभट, बारीक कंगोऱ्यांचं. अळी काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. छोटी अळी पानाला गोल चर पाडते आणि आतला भाग खाते. चीक चरातच अडतो. मोठी अळी देठ किंवा मधली शीर कुरतडून पान लोंबतं करते. त्यामुळे लोंबणारं पान दिसलं की ते आधी बघायचं, अळी तिथेच असते. पिवळा मावा हा रुईवर नेहमीचा, तो धरायचा नाही. पिवळ्या ठिपक्यांना अंडी समजून दोन झाडांवर चुकीची नोंद झाली होती.

१० ऑगस्ट, शनिवार

काल अंडी असलेल्या सात झाडांपैकी चार झाडांचे शेंडेच नाहीत. फवारणी नाही, गुरं नाहीत. देठ स्वच्छ मोडलेले. श्रावणातला शनिवार, मारुतीला रुईच्या पानांची माळ. कोवळी, न फाटलेली पानं माळेला हवीत आणि मादीला अंडी घालायलाही तीच आवडतात. बांधाच्या मालकांना विचारलं, तर उत्तर असं: "पाव्हणं, माळेसाठी तर रुई राखलीया. न्हाईतर कवाच काढली असती." बरोबरच आहे. शनिवार नसता तर बांधावर रुई नसती आणि प्लेन टायगरही नसतं.

त्यामुळे पानं तोडण्यावर बंदीबिंदीचा विषय नाही. बदल असे: तपासणी शुक्रवारऐवजी बुधवारी. "पानं तोडलेली" असा वेगळा रकाना, अळीनं खाल्लेलं आणि माणसानं तोडलेलं वेगळं लिहायचं (अळीची कड वेडीवाकडी आणि दातेरी, हाताची कड देठाशी सरळ). बाभळीच्या काट्यांत हात जात नाही अशी सहा झाडं तुलनेसाठी निवडली.

१४ ऑगस्ट

तोच प्रकार सोमवारी बेलाला. पाणंदीच्या तोंडाशी असलेल्या बेलाची खालची पानं गेली, वरची तशीच. लाइम आणि कॉमन मॉर्मन या दोन्ही फुलपाखरांच्या अळ्या बेल, लिंबू, कढीपत्त्यावर. लहानपणी दोन्ही पक्ष्याच्या विष्ठेसारख्या, शेवटच्या अवस्थेत हिरव्या, डिवचलं की डोक्यामागून मऊ, दुफाटी शिंगासारखा अवयव बाहेर काढून उग्र वास सोडतात. लहान अवस्थेत जात ठरवायची नाही, "लाइम/मॉर्मन" लिहायचं. बेलावर यापुढे हातानं न पोचणाऱ्या फांद्या, दुर्बिणीनं. काम दुप्पट वेळ घेतं, पण आकडा खरा येतो.

रोपवाटिकेतून आणलेलं कढीपत्त्याचं रोप पाणंदीत लावायची सूचना आली होती. नको. अशा रोपांवर बऱ्याचदा आधीच फवारणी झालेली असते. मादी अंडी घालते, अळ्या दोन दिवसांत मरतात. लावायचंच असेल तर बियांपासून, किंवा आणलेलं रोप पाला दोनदा छाटून नवा फुटवा येईपर्यंत झाकून ठेवायचं.

१८ ऑगस्ट. काती गोळा करणं

पाझर तलावाच्या कडेचे २० मीटरचे दोन पट्टे: एक गवताळ, एक दगडी पिचिंगचा (उतारावर रचलेल्या दगडांचा). दर तीन दिवसांनी सकाळी ८ च्या आत, वारा सुटायच्या आधी.

शोधायचं कुठं: टाचणीची कात पाण्यालगत, काडीवर वीतभर उंचीत. मोठ्या चतुरांच्या त्याहून वर, लव्हाळ्यावर, कधी काठापासून दोन-तीन मीटर आत. गॉम्फिड कुळातले बरेचसे चतुर उभ्या काडीवर चढतच नाहीत, आडव्या दगडावर किंवा ओल्या मातीवरच कात टाकतात. पहिल्या दिवशी फक्त काड्या बघितल्या आणि पिचिंगचा पट्टा रिकामा लिहिला. दुसऱ्यांदा दगडांच्या सांदीत बसून पाहिलं तेव्हा मिळाल्या. पहिल्या दिवसाचं "०" रद्द.

ओळख: टाचणीची कात सडपातळ, टोकाला पानासारखी तीन कल्ल्यांची पाती (वाळून चिकटलेली असतात, पाण्यात घातल्यावर सुटतात). चतुराची जाडजूड, टोकाला आखूड काटे. पाठीवरच्या फटीतून पांढरे दोरे लोंबत असतात. ते श्वासनलिकांचं अस्तर, बुरशी नव्हे; ओढून काढू नये. पुढे कूळ ठरवायला खालचा ओठ बघायचा. अळी भक्ष्य पकडायला हा ओठ घडीच्या हातासारखा पुढे फेकते. ओठ चमच्यासारखा खोलगट आणि चेहरा झाकणारा असेल तर लिबेल्युलिड, सपाट असेल तर गॉम्फिड किंवा एश्निड. त्यातही मिशा आखूड, जाड, चार पेरांच्या आणि तिसरं पेर मोठं असेल तर गॉम्फिड.

वाळलेल्या कातीचा ओठ जोर लावला की तुटतो. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, त्यात १५ ते २० मिनिटं, मग बोथट सुईनं हळू पुढे ओढायचा. सावलीत वाळवून काडेपेटीत टिश्यू पेपरवर. कापूस नको, पायाच्या नख्या अडकतात आणि काढताना पाय तुटतात. पावसाळी हवेत काडेपेटीतच बुरशी धरते. सगळ्या पेट्या झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, पुडी गुलाबी झाली की तव्यावर मंद गरम करून परत निळी. चिठ्ठी शिसपेन्सिलीनं: तारीख, पट्टा, पाण्यापासून उंची.

सापडलेली प्रत्येक कात उचलायचीच. ठेवली तर पुढच्या वेळी पुन्हा मोजली जाते.

२४ ऑगस्ट

रात्री जोराचा पाऊस. सकाळी दोन्ही पट्टे कोरे, लव्हाळे आडवे. हे "०" नाही, "पाऊस" लिहायचं. काती रात्रीतून आल्या आणि गेल्या असतील. वाऱ्यानंही उडतात, पाणी वाढलं की तरंगत दुसऱ्या काठाला जातात. कातीचा आकडा नेहमी कमीत कमीच असतो, जास्तीत जास्त कधी नसतो. एक कात मिळाली तर जात इथे वाढते हे ठरतं. न मिळाली तर काहीच ठरत नाही.

८ सप्टेंबर. खुळखुळा

माळाच्या कडेला खुळखुळ्याच्या एकाच ताटव्यावर ब्लू टायगर, डार्क ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर आणि कॉमन क्रोची (हबशी) झुंबड. टप्पा ५ चा आकडा एकदम चौपट. मोजणी बरोबर आहे, अर्थ मात्र वेगळा. हे जवळजवळ सगळे नर. खुळखुळ्याच्या सुकत्या पानांतून आणि शेंगांतून ते पायरोलिझिडीन अल्कलॉइडं शोषतात. मादीला बोलावणारा गंध त्यापासून बनतो आणि भक्षकांना कडू लागण्यालाही ती उपयोगी पडतात. यांच्या अळ्या खुळखुळा खात नाहीत. म्हणजे माळावर फुलपाखरं "वाढली" असा निष्कर्ष चूक. ती औषधाच्या दुकानात आली आहेत, घर दुसरीकडे आहे. भुरुंडीवरही हाच प्रकार.

टणटणीच्या फुलांचंही असंच. ती फुलली की पाणंदीतला आकडा वाढतो, फुलं सरली की उतरतो. रकाना वाढवला: फुलावर, खाद्य वनस्पतीवर, नुसतं उडताना.

२२ सप्टेंबर

ग्लोब स्किमर (पँटाला फ्लॅवेसेन्स) माळावर शेकड्यानं, डोक्याच्या उंचीवर, बसतच नाहीत. चौकटीतून एकच चतुर दहा वेळा जातो. रीत: एका जागी उभं राहून दहा सेकंदांत चौकटीत एका वेळी दिसणारी सर्वांत मोठी संख्या, अशी पाच वेळा, त्यातली मधली.

हा चतुर समुद्र ओलांडतो. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं की भारतातून मालदीव, सेशेल्समार्गे पूर्व आफ्रिकेपर्यंत याचं स्थलांतर होतं. मालदीवमध्ये ऑक्टोबरपासून थवे उतरतात, जिथे गोड्या पाण्याची तळी जवळपास नाहीत. माळावरचे थवे कुठले हे आपल्या वहीवरून सांगता येणार नाही. सांगता येईल ते एवढंच की काही इथेच जन्मले: मुरुमाच्या जुन्या खाणीतल्या डबक्यात याच्या अळ्या गाळणीत आल्या आणि काठाच्या गवतावर काती मिळाल्या. पावसाच्या तात्पुरत्या पाण्यात वाढायची याची खासियत आहे, मासे नसतात आणि वाढ झपाट्यानं, साधारण सहा-आठ आठवड्यांत होते. डबक्यात सेंटिमीटरच्या खुणांची काठी रोवली. डबकं त्याआधी आटलं तर सगळी पिढी जाते, आणि खाणीत भराव टाकला तर डबकंच जातं.

डबक्यावर ग्रीन मार्श हॉक (ऑर्थेट्रम सॅबिना) दुसऱ्या चतुराला पकडून खाताना. नेहमीचं आहे, वेगळा रकाना नको.

६ ऑक्टोबर. बांध आणि शेततळं

टप्पा २ च्या बांधावर तणनाशक, चारेक दिवसांपूर्वीचं. टाकळा, घोळ, दगडी पाला पिवळे पडले. आजच्या फेरीत मात्र ग्रास यलो आणि कॉमन एमिग्रंट नेहमीइतकेच. उडणारी आधीच्या पिढीतली आहेत, शेजारून येणारीही आहेत. अळ्या मेल्या त्यांचा आकडा दोन-तीन आठवड्यांनी दिसेल. "फवारणीचा परिणाम नाही" असं आजच्या तारखेला कुणी लिहू नये. बुधवारच्या टाकळ्याच्या तपासणीत जिवंत अळी एकही नाही, ही खरी बातमी.

पलीकडच्या शेततळ्यात काळं प्लास्टिक. चतुर चमकत्या आडव्या पृष्ठभागाला पाणी समजतात, कारण त्यांना परावर्तित ध्रुवीकृत प्रकाश दिसतो. गुऱ्हाळाजवळ अंथरलेल्या ताडपत्रीवर आणि गाडीच्या बॉनेटवर ग्लोब स्किमरची मादी शेपूट आपटताना दिसली, ती अंडी वाया. शेततळ्यात निदान खरं पाणी आहे, पण प्लास्टिकच्या गुळगुळीत उतारावर अळीला वर चढायला पकड नाही. चाचणी: काथ्याच्या १२ मिमी जाडीच्या दोन दोऱ्या, वरचं टोक खुंटीला, खालचं दगड बांधून हातभर पाण्यात. दोरी प्लास्टिकवर चिकटून पडायला हवी, लोंबती राहिली तर वाऱ्यानं हलते आणि कात पडून जाते. नायलॉनची दोरी घेऊ नये, नखी रुतत नाही.

१३ ऑक्टोबर

काती दोऱ्यांवर मिळाल्या, एक प्लास्टिकच्या घडीत. मोकळ्या उतारावर नाहीत. दोरीवरून बेडूकही वर येताना दिसला. मालकांनी आणखी दोन दोऱ्या स्वतःहून सोडल्या, एक नायलॉनची. राहू दे, तुलनेला बरी.

२० ऑक्टोबर. केंदाळ

पाझर तलावातलं केंदाळ (जलपर्णी) काढायला सुरुवात. काढणं गरजेचं आहे, त्याच्याखाली पाण्याला ऊन आणि हवा मिळत नाही. पण त्याच्या मुळांच्या दाढीत टाचण्यांच्या आणि चतुरांच्या अळ्या, पाणढेकूण, बारके मासे असतात. पाण्याबाहेर उचलून थेट ट्रॉलीत भरलं की सगळे ट्रॉलीत.

ट्रेमध्ये केंदाळाची दहा झाडं झटकून पाहिली. मुळं दोनदा पाण्यात घुसळली की बरेचसे जीव सुटतात. काम करणाऱ्यांशी ठरलेलं: ढीग पाण्यालगत उतारावर, फूटभरापेक्षा उंच नाही, एक रात्र तसाच, सकाळी उचलायचा. उंच ढिगात मधले जीव दबून मरतात. आणि सगळं केंदाळ एकाच आठवड्यात नाही, आधी पूर्वेकडचा अर्धा भाग, दुसरा अर्धा महिन्यानं. काठाचा लव्हाळा आणि पाणकणीस यंत्रानं ओरबाडायचं नाही, कात टाकायच्या काड्या त्याच.

ओढ्याच्या तोंडाशी, जिथे सांडपाणी येतं, तिथे डिच ज्वेल (ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा) भरपूर, कातींसकट. घाण पाणी चालणारी ही जात आहे. तलावाची तब्येत चांगली म्हणून हिचा आकडा दाखवू नये; वरच्या अंगाला सावलीत यलो बुश डार्ट ही टाचणी दिसते का, ते महत्त्वाचं. आज दोन, दोन्ही "उ".

१० नोव्हेंबर

कॉमन इव्हनिंग ब्राऊनचं रूप पालटलं. पावसाळी रूपात पंखाखाली ठळक डोळे, आता वाळक्या पानासारखी, डोळे जवळजवळ नाहीत. एकच जात आहे, दोन रकाने करू नयेत. मागच्या महिन्यापासून कुणीतरी केले आहेत, ते एकत्र केले.

टप्पा २ वर ग्रास यलो आणि एमिग्रंट उतरले, अपेक्षेप्रमाणे. टाकळ्याचे नवे कोंब आहेत, अळ्या अजून नाहीत. ऊसतोड सुरू झाली की बांध उघडा पडेल आणि पाचट पेटवलं तर ओढ्याच्या उजव्या काठाचा पाला धोक्यात. तोडीच्या तारखा दोन्ही मालकांकडून घ्यायच्या. उजव्या काठाला पाच मीटरचा पट्टा न पेटवता सोडायचं तोंडी ठरलं आहे. पट्ट्याच्या खुणेला पांढरा रंग, छातीच्या उंचीवर.

मुरुमाच्या खाणीतलं डबकं काठीवर ४ सेंमी. तळ उघडा पडल्यावर चिखल चाळून किती अळ्या कात न टाकता राहिल्या ते बघायचं, गाळणी बारीक जाळीची आणायची.